उपाशी तोंडाची हद्द

राखेचा बुधवार उजाडला की तिथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत रोज दिवस मावळेपर्यंत गोजरबाईच्या तोंडात पाण्याच्या घोटाशिवाय काही जात नसे, आणि हे तिच्या घरापेक्षा गावाला जास्त पाठ होतं. गावात ख्रिस्ती घरं चार. लेंथचे हे चाळीस दिवसांचे उपवास सगळीच धरत, पण त्यातल्या पुरुषांचे पहिल्याच आठवड्यात स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मोडत. गोजरबाईचा कधी मोडला नाही. भर उन्हात हरभरा उपटताना नाही, की नणंदेच्या लेकीच्या लग्नात पंगतीला वाढताना नाही. दुपारच्या भाकरीचं पीठ ती एका पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि पुनरुत्थानाच्या सणाला तो डबा ज्याच्या घरी नड असेल त्याच्या ओट्यावर ठेवून यायची. कुणाच्या, ते सुनेलाही सांगायची नाही.

गावातल्या बायकांनी त्यामुळं तिच्या उपासाची शपथच करून टाकली होती. ‘गोजराक्काच्या उपासाची आन’ म्हटलं की समोरची गप्प बसायची. गोजरबाई वरवर म्हणायची, “बायांनो, देवाची घ्या की, माझी कामून घेता?” पण आतून बरं वाटायचं तिला. तीही माणूसच होती.

यंदा पऱ्हाटी उपटून झाल्यावर तिच्या लेकानं, काकासाहेबानं, भाड्याचा ट्रॅक्टर रानात घातला. मोसंबी लावायची होती. उन्हाळ्यात खड्डे खणून तापू द्यायचे आणि पाऊस पडला की रोपं लावायची, असा बेत. ट्रॅक्टर चालला त्या दिवशी गोजरबाई शेजारच्या गावी मयतीला गेली होती. दोन दिवसांनी रानात येऊन पाहते तर तिच्या आणि उषाबाईच्या शेतामधला बांध उरला होता तो नावाला. बारीक झालेला, आणि होता तिथून उषाबाईच्या अंगाला सरकलेला. नाल्याच्या टोकाला हद्दीचा दगड असायचा, तोही दिसेना.

“दगड कुठंय रे?”

“कोणता दगड?” काकासाहेब खाली बघून टिकाव मारत होता. “भादव्यात पूर आल्ता तवा गेला आसल.”

पुरात दगडाशेजारची बाभूळ गेली होती. दगड जागेवर होता. पाणी ओसरल्यावर गोजरबाईनं त्याच्यावरच बसून पायाचा चिखल खरडला होता.

“एक ओळ जास्ती बसून राह्यली माय,” काकासाहेब म्हणाला. “न्हाईतर शेवटची ओळ बांधाला टेकत व्हती. उषामावशीला काय फरक पडतो? तिचं पोरगं पुण्याला कंपनीत. आर्धं रान पडीकच आस्तं तिचं.”

गोजरबाई ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. खड्ड्यांची ती शेवटची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ आली होती. पोरानं एकट्यानं खणलं होतं, तळहाताची सालटं गेली होती त्याच्या. तिला राग यायला हवा होता. तिला ओळ आवडली. ती घरी गेली आणि तोंडात मूग धरून बसली.

उषाबाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी बांधावर उभं राहून बोंब ठोकली. नवरा वारल्यापासून ती रान एकटीनं ओढायची आणि जिभेला कुणाचं भय नव्हतं. तिची आणि गोजरबाईची सावड फार जुनी. आज हिच्या रानात खुरपण, उद्या तिच्या. दुपारी बाभळीखाली दोघींच्या भाकरी एकाच फडक्यावर. लेंथमध्ये उषाबाई एकटी जेवायची आणि गोजरबाई शेजारी बसून तिला घासागणिक हसवायची.

रामराव आबा आले. सरपंचकी जाऊन जमाना झाला होता, पण तंटा मिटवायला अजून त्यांनाच बोलवत. पाच-दहा माणसं गोळा झाली.

“मोजणी आणा,” काकासाहेब म्हणाला. त्याला माहीत होतं, मोजणीची तारीख मिळेस्तोवर रोपांना पालवी फुटेल.

“मला मोजणी नको,” उषाबाई म्हणाली. “गोजराक्कांचा उपास चालू हाय. ढेकूळ त्यांच्या डोक्यावर द्या. त्या चालतील ती हद्द.”

जमलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. गावात ती रीत होती खरी. हद्दीची खूण हरवली की दोघांना मान्य असलेल्या माणसानं त्याच रानातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन चालायचं. काकासाहेबाच्या वयाच्या पोरांनी ती नुसती ऐकली होती.

“आगं पण त्या काकासाहेबाच्याच माय हायेत की,” रामराव म्हणाले.

“असू द्या. भांडण काकासाहेबाशी हाय. उपाशी तोंडानं आक्का खोटं करायच्या न्हाईत.”

रामरावांनी वाकून पायाजवळचं एक मोठं ढेकूळ उचललं आणि गोजरबाईच्या डोक्यावर ठेवलं. तिनं दोन्ही हातांनी धरलं. ढेकळातून हराळीची मुळं लोंबत होती, त्यातलं एक तिच्या कपाळावर आलं. काकासाहेबाच्या रानात हराळीची काडी सापडायची नाही, इतकं स्वच्छ रान ठेवायचा तो. हराळी होती ती बांधावर. म्हणजे ती उभी होती तोच जुना बांध, आणि डोक्यावर होती ती त्याचीच माती. हे तिला कळलं, आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळलं नाही हेही कळलं.

तिनं काकासाहेबाकडं पाहिलं. तो सोललेले तळहात पँटला पुसत होता.

गोजरबाई तिथून चार पावलं बाजूला सरकली आणि लेकानं केलेल्या नव्या बांधावरून चालू लागली. गाडीवाटेपासून नाल्यापर्यंत. नाल्याशी पोचल्यावर उषाबाईनं रीतीप्रमाणं स्वतःच्या हातांनी ढेकूळ उतरवून घेतलं आणि खाली ठेवलं.

“झालं. माझं काही म्हणणं न्हाई,” ती म्हणाली आणि निघून गेली.

गोजरबाईच्या घामेजल्या कपाळाला माती चिकटली होती. उपास सुरू झाले त्या बुधवारी पाळकसाहेबांनी राख लावली होती, बरोबर तिथंच. तिनं पदरानं पुसली. घरी येईपर्यंत पुसत होती.

पुढच्या दिवसांत एक नवल झालं. तिला भूकच लागेना. एरवी दुपार टळताना पोटात आग पडायची, आणि त्या आगीबरोबर मन आपसूक प्रार्थनेला लागायचं. आता कांदा काढताना बारा वाजले काय, तीन वाजले काय, पोट गप्प. सून रूपाली म्हणाली, “आत्याबाई, यंदा उपास अंगी लागून राह्यला तुमच्या.” गोजरबाईनं कांद्याची पात अशी खसकन कापली की विळा बोटाला लागता लागता राहिला.

आणि सावडीचा दिवस आला तशी उषाबाई विळा घेऊन हजर. जसं काही घडलंच नाही. दोघी एका वाफ्यात बसून कांदे उपटू लागल्या. ऊन चढलं तशी उषाबाई हात थांबवून म्हणाली, “आक्का, माझं चुकलं बघा.”

“काय चुकलं?”

“तुमच्या पोरावर आळ घेतला म्या. माझेच डोळे फिरले. एकटं बाईमाणूस आसलं की सगळं जग आपलं रान खायला उठलंय आसं वाटून राह्यतं.” असं म्हणून ती सरकली आणि वाफ्यातच गोजरबाईच्या पायाला हात लावून मोकळी झाली. “मनात ठिवू नका.”

गोजरबाईनं पाय मागं घेतले, पण उशीर झाला होता. “उठा, काय करून राह्यल्या हे,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. त्या संध्याकाळी तिनं उपास सोडायला भाकरी मोडली, दुधात कुस्करली आणि ताट तसंच रूपालीकडं सरकवलं. दुपारचं पीठ टाकायला डबा उघडला तेव्हा डबा निम्मा भरलेला दिसला. तो बघून तिला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. स्वतःची भाकरी डब्यात ठेवायची आणि दुसरीचं रान खायचं, असला हा उपास.

रविवारी जालन्याहून पाळकसाहेब आले. गावातलं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. माणसं सतरंजीवर बसलेली, वर पंखा करकरतोय. पाळकसाहेब तरुण होते, आवाज गोड, आणि गावातलं भांडण त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं.

“पश्चात्ताप म्हणजे डोळे पुसणं नव्हे,” ते सांगत होते. “चुकीच्या वाटेला लागलेला माणूस वाटेतच बसून रडला तर घरी पोचत नाही. त्याला वळावं लागतं आणि जेवढं चालला तेवढं परत चालावं लागतं. उपवास कशासाठी? तर तेवढं चालायला अंग हलकं व्हावं म्हणून. आपल्या गोजरबाईंचा उपवास बघा. तसा पाहिजे.”

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. रूपाली कौतुकानं हसली. काकासाहेब भिंतीकडं बघत राहिला.

प्रभुभोजनाची वेळ आली. कुणाचं काही मनात असेल तर त्यानं उठू नये, ही मंडळीतली जुनी शिस्त. एकेक जण उठून पुढं गेला. गोजरबाई बसून राहिली. पाळकसाहेबांना वाटलं, तिचे गुडघे धरलेत. ते भाकर आणि प्याला घेऊन तिच्याजवळ आले.

“नको साहेब,” ती म्हणाली. “मला आजून चालायचंय.”

घरी आल्यावर तिनं काकासाहेबाला सरळ सांगितलं. “उद्या मी बांध जुन्या जागी घालून राह्यले.”

काकासाहेब जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. “येड लागलं का तुला? म्या सांगितलं व्हतं का तुला ढेकूळ घ्यायला? तूच चाललीस ना?”

“मीच चालले. म्हणूनच मीच जाणार.”

“गावात तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला? आधीच चार घरं आपली. म्हणतील, ह्यांचा उपास हा आसला.”

“बराबरच म्हणतील.”

“अन् माझे खड्डे?”

“बुजवणार.”

त्यानं ताट ढकललं. “मी हात लावणार न्हाई. ट्रॅक्टर बी बोलवणार न्हाई. बिलकुल न्हाई.”

“मला ट्रॅक्टर कशाला?” गोजरबाई उठली, कोपऱ्यातलं फावडं काढलं आणि त्याचा दांडा घट्ट आहे का ते जमिनीवर आपटून पाहिलं. रूपाली मधे पडायला आली होती. तो आवाज ऐकून ती परत चुलीकडं गेली.

सकाळी गोजरबाई आधी रामरावांच्या ओसरीवर गेली आणि उभ्याउभ्याच सगळं बोलली. रामरावांना ते अजिबात आवडलं नाही.

“गोजरबाई, मिटलेलं भांडण कामून उकरता? उषाबाई खुश, तुमचा पोरगा खुश. तुमच्या शब्दावर म्या यंदा आणखी दोन तंटे मिटवले. उद्या लोक म्हणतील, तेबी खोटे.”

“म्हणू द्या. तपासून घेतील.”

“तुमचं वजन जाईल गावात.”

“आबा, त्या वजनाखालीच बाईचं रान दाबलंय म्या. तुम्ही या फक्त. तवा जेवढी माणसं व्हती, तेवढी आणा.”

ती रानात पोचली. माणसं आली, गेल्या वेळेपेक्षा जास्त. असल्या बातमीला पाय लवकर फुटतात. बायका गाडीवाटेवर टोपली खाली ठेवून उभ्या राहिल्या. गोजरबाईनं स्वतः वाकून हराळीच्या मुळांचं ढेकूळ शोधलं, स्वतःच डोक्यावर घेतलं. नाल्याकडून सुरुवात केली, जिथं गेल्या वेळी थांबली होती तिथून. खड्ड्यांच्या शेवटच्या ओळीच्या आतून, नांगरलेल्या भुसभुशीत रानातून, उलटी गाडीवाटेपर्यंत चालली. दोनदा पाय मुरगळला. एकदा ढेकळाचा तुकडा फुटून पाठीवरून घरंगळला, तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं.

“मागल्या वेळी म्या खोटं चालले,” ती ढेकूळ उतरवून मोठ्यानं म्हणाली. “मला ठावं व्हतं. हद्द ही हाय.”

“मंग उपास कशाचा गं बाई?” गर्दीतून एकीनं विचारलं.

गोजरबाईनं फावडं घेतलं आणि पहिला खड्डा बुजवायला सुरुवात केली.

ऊन तापत गेलं. लोक पांगले, काही लांब लिंबाखाली जाऊन बसले. फुकटचा तमाशा कोण सोडतो. खड्डे बुजले तशी ती बांधाकडं वळली. फावड्यानं नव्या बांधाची माती टोपल्यात ओढायची, टोपलं काखेशी धरून जुन्या रेघेवर रिकामं करायचं, पायानं दाबायची. तळहात तापले, मग फुगले, मग एक फोड फुटला. आणि मग, किती दिवसांनी, पोटात आग पडली. तिला भूक लागली. इतकी कडकडून लागली की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी उषाबाई आली. बाजाराला गेली होती. घनसावंगीच्या जीपमधून उतरल्या उतरल्या तिला तीन जणींनी तीन तऱ्हेनं सांगितलं होतं. हातात अजून पिशवी तशीच. ती बांधाशी येऊन उभी राहिली.

“उषाबाई,” गोजरबाई म्हणाली, “ढेकळात हराळी व्हती. तवाच कळलं व्हतं मला.”

“अन् म्या तुमच्या पाया पडले.”

“व्हय.”

“कांद्याच्या वाफ्यात. अन् तुम्ही पडू देलं.”

“व्हय.”

गोजरबाईनं परत फावडं उचललं.

“आज उपास हाय?” उषाबाईनं विचारलं.

“हाय.”

“मंग ठिवा ते फावडं खाली. उपाशी बाईनं घातलेला बांध मला नको.”

“आसं कामून म्हणता?”

“उद्या गाव काय म्हणल? गोजराक्कानं उपाशीपोटी, फोड आलेल्या हातानं, भर उन्हात बांध घातला. काय बाई हाय! परत तुमचाच उदो. अन् म्या कोण? बसून बघणारी. खोटं तुम्ही करायचं अन् मान बी तुम्हीच न्यायचा का?”

लिंबाखालची माणसं उठून जवळ आली. गोजरबाई फावड्यावर टेकून उभी राहिली. सकाळपासून तिला वाटत होतं, सगळ्यांत अवघड ते चालणं होतं. तसं नव्हतं. लाज गेली, शब्द गेला, पण उपास काही मोडला नाही, एवढं एक ती मनाच्या कोपऱ्यात जपून होती. उषाबाईनं नेमका तिथंच हात घातला.

उषाबाईनं पिशवीतून फडकं काढलं, बांधाच्या ओल्या-सुक्या मातीवर पसरलं. घरून बांधून नेलेली भाकरी होती, जीपच्या गर्दीत खायची राहून गेलेली. वर ठेच्याचा गोळा.

“खा,” ती म्हणाली.

रूपाली केव्हाची येऊन मागं उभी होती. ती म्हणाली, “मावशी, लेंथ हाय, आसं नका ना करू.”

“तू गप्प बस,” गोजरबाई तिला म्हणाली. खाली बसली. हात पदराला पुसले, तरी फोडाचं पाणी भाकरीला लागलंच. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि तुकडा मोडून तोंडात घातला. गावासमोर, भर दुपारी. ठेचा जहाल होता. डोळ्यांतून धारा लागल्या. ज्याला जे समजायचं ते समजू दे म्हणून तिनं त्या पुसल्या नाहीत. भाकरी वातड झाली होती आणि तिला फार गोड लागली. अर्धी झाल्यावर ती थांबली.

“सगळी,” उषाबाई म्हणाली.

तिनं सगळी खाल्ली. पाणी प्याली. उठली आणि फावडं घेतलं.

उषाबाईनं टोपल्याला हात लावला नाही. ती बांधाच्या तिच्या बाजूला बसून राहिली आणि माती कुठं कमी पडतेय ते बोटानं दाखवत राहिली. “तिथं बसलाय तो. दाबा आणखी.” गोजरबाई दाबत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा बांध नाल्यापर्यंत आला. उंची काही फार नव्हती, पण डोळ्यांना दिसेल इतका होता. पावसाळ्याआधी आणखी दोन थर लागणार होते. ती घालणार होती.

तेवढ्यात नाल्याच्या उतारावरून काकासाहेब वर आला. अंगातला शर्ट काढून खांद्यावर घडी करून ठेवलेला आणि त्यावर हद्दीचा दगड. मान वाकडी झालेली. नाल्यात कुठं टाकला ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? कुणाकडं न बघता तो बांधाच्या टोकाशी येऊन थांबला.

“कुठं ठिवू?” त्यानं विचारलं.

रामराव पुढं झाले आणि उषाबाईला म्हणाले, “सांग बाई. तुझी हद्द हाय.”

“मला कशाला इचारता?” उषाबाई उठली. तिनं फडकं झटकलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि गोजरबाईकडं वळली. “आक्का, आता पोटात भाकर हाय तुमच्या. आता सांगा, कुठं?”

गोजरबाईनं चपला काढल्या. सैल झालेल्या मातीत अनवाणी पायानं ती एकेक पाऊल चाचपत गेली. मऊ, मऊ, मऊ. मग टाचेखाली घट्ट लागलं. दगडाच्या इतक्या वर्षांच्या भारानं दबून बसलेली एक बैठी, कडक जागा. तिनं दुसरा पायही तिथं आणून खात्री केली.

“इथं,” ती म्हणाली, आणि दगडाला जागा देऊन बाजूला झाली.